पैसे मोजून गोंगाट कशासाठी?

मी नॉइज रॉक, म्हणजे गिटारांच्या कर्कश, मुद्दाम विकृत केलेल्या गोंगाटातून घडवलेले रॉक संगीत, ऐकायला जातो हे कळले की ओळखीतले लोक बहुधा एकच प्रश्न करतात: तिकीट काढून, दोन-तीन तास ताटकळत उभे राहून आणि वर कानात बोळे घालून जे ऐकावे लागते त्यात गोडी कसली, आणि तेच घरी ध्वनिमुद्रणावर ऐकून भागत नाही का? प्रश्नाचा पूर्वार्ध बहुतेक वेळा चेष्टेचा असतो. उत्तरार्ध मात्र रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

घरी भागत नाही, कारण या संगीतात वाद्याइतकाच वाटा त्या खोलीचा आणि आवाजाच्या पातळीचा असतो. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज गिटारच्या तारांना पुन्हा कंप देतो, तो कंप पिकअप (तारांखालचे, कंपाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे साधन) टिपतो, अँप्लिफायर वाढवतो आणि स्पीकर पुन्हा बाहेर फेकतो. या चक्राला फीडबॅक म्हणतात. वादक पाऊलभर सरकला किंवा त्याने गिटार थोडी वळवली तरी या चक्रातला सूर पालटतो. त्यातच अँप्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे ताणलेला असला, तर दोन तारा एकत्र छेडताच त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे, कोणाच्याही बोटांनी न वाजवलेले सूर उमटू लागतात. हे सगळे घरी शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतक्या बेताने लावले, तर कमी आवाजात मानवी कानाला खर्ज फारच क्षीण ऐकू येतो, म्हणून इमारतीचा पायाच काढून घेतल्यासारखे होते आणि उरते ती वरची करकर. ध्वनिमुद्रण ऐकून ज्यांनी या संगीताला नावे ठेवली, त्यांनी त्या करकरीला नावे ठेवली, आणि तेवढ्यापुरते त्यांचे बरोबरच आहे.

स्वान्स हा १९८२ साली मायकेल जिरा यांनी न्यूयॉर्कमध्ये उभा केलेला बँड मी प्रत्यक्ष ऐकला, तेव्हा हे मला अंगावर कळले. २०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आल्यानंतर त्यांचे कार्यक्रम दोन तासांच्या पुढे जात आणि एकच कॉर्ड (एकत्र वाजवलेला स्वरांचा जुडगा) कितीतरी मिनिटे घणासारखा पडत राही. जिरा साथीदारांकडे तोंड करून हातवाऱ्यांनी तो आघात वाढवत किंवा थोपवत. सुरुवातीला मन बंड करून उठते. पुढे काय येणार याची वाट पाहते आणि काहीच येत नाही म्हणून चिडते. मग केव्हातरी ते वाट पाहणे सोडते, आणि जुळलेल्या तानपुऱ्यातून कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू यावा तसे त्या एका कॉर्डच्या आत वर-खाली हलणारे सूर दिसू लागतात (दिसू लागतात असेच म्हणावेसे वाटते). ढोलाचा आघात तोवर छातीच्या पिंजऱ्यात घुमत असतो. मला यात शिस्त दिसते. इतका वेळ एकाच जागी, एकाच वजनाने वाजवत राहणे हे बेशिस्त माणसांचे काम नव्हे.

शेलॅकचा रस्ता याच्या उलट होता. गिटारवादक आणि गायक स्टीव्ह अल्बिनी यांचा हा त्रिकुटी बँड १९९२ मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये अल्बिनी यांच्या निधनाने संपला. त्यांचे गिटार कोरडे आणि धारदार, आणि आघातांच्या मध्ये सोडलेल्या जागा आघातांइतक्याच मोजलेल्या. मध्येच वाजवणे थांबवून ते प्रेक्षकांना प्रश्न विचारायला सांगत.

अशा संगीताला मोठे शहरच का लागते, हा उपप्रश्नही येतो. हजारांत एखाद्यालाच आवडणाऱ्या गोष्टीचे सभागृह भरायचे तर लोकसंख्या तशी हवी, हे सरळ आहे. पण त्याहून महत्त्वाची आहे ती स्वस्त आणि ओसाड जागा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅनहॅटनच्या दक्षिण भागात कमी भाड्याच्या जागा होत्या, म्हणून १९७८ मध्ये इंग्रज संगीतकार-निर्माते ब्रायन ईनो यांनी ‘नो न्यूयॉर्क’ या संकलनात ज्यांचे ध्वनिमुद्रण केले ते चार बँड आणि १९८१ मध्ये सुरू झालेला सोनिक यूथ हा बँड यांना तिथे तालीम करता आली. जागा महागल्या की असे संगीत सर्वांत आधी हुसकावले जाते.

या प्रकारातले सगळेच चांगले असते असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर किंचाळणारे बँड पुष्कळ आहेत. आवाजामागे त्यांना कल्पनांचे दारिद्र्य लपवायचे असते. अशा कार्यक्रमांतून मी खुशाल मध्येच बाहेर पडतो.

राहिले कानातले बोळे. कामाच्या जागी आरोग्य कसे जपावे हे पाहणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. फोमचे बोळे उंच स्वर जास्त दाबतात, त्यामुळे सगळे गोधडीखालून आल्यासारखे ऐकू येते. वादकांसाठी बनवलेले बोळे सर्व स्वर साधारण सारखे कमी करतात आणि ते घातल्यावर गिटारांचे थर उलट अधिक स्पष्ट उलगडतात. पहिल्यांदा येणाऱ्याने तेच घ्यावेत आणि ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ उभे राहावे. सगळा समतोल त्याच जागेवरून ऐकून साधलेला असतो, आणि दारही सहसा फार लांब नसते.