विकतची ओल

सांगलीच्या माणसाचा अर्धा जन्म ओल घालवण्यात जातो. हळद शिजवायची आणि मग उन्हात पसरून ठेवायची, ती कांडी मोडताना काडकन वाजेपर्यंत. तासगाव, कवठे महांकाळकडे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढून शेडमधल्या जाळ्यांवर टाकायची, आणि पुढचे पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसायचं. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. बाकीचं बहुतेक पाणीच, आणि ते वाऱ्यानं वेळेवर न्यावं लागतं. त्या दिवसांत नुसता ढग दिसला तरी बागायतदाराच्या पोटात गोळा येतो.

हरिपूरची पेवं तर या सगळ्यावर कळस. संगमाच्या काठी, दोन नद्यांच्या कुशीत, जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद ठेवायची आणि ती वर्षानुवर्षं खडखडीत राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी कायमची गेली. २०१९ ला आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे पडून पाणी ५७ फुटांच्या वर चढलं, तेव्हा आमच्या गावभागातल्या घराच्या भिंतींनी जे पाणी प्यायलं ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सोडलं नाही. कपाटातल्या साड्यांचा तो वास मी कोणाला सांगत बसत नाही.

अशा बाईला तिची लेक अमेरिकेतून, मिनियापोलिसहून फोन करून सांगते, "आई, आम्ही सगळ्या घराला ह्युमिडिफायर बसवून घेतोय. घर तापवणाऱ्या फर्नेसलाच जोडून."

"म्हणजे काय करतं ते?"

"हवेत पाणी घालतं."

"पैसे देऊन?"

"पैसे देऊनच की."

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "तिला म्हणावं ऑगस्टात इकडे ये. फुकट मिळेल."

ते घर मी जानेवारीत पाहिलेलं आहे, आणि तिथली कोरडी हवा मला मनापासून आवडली होती. बाहेर बर्फ, खिडकीवर सूर्य नावापुरता, आणि तरी तळघरात फर्नेसच्या खोलीत प्लॅस्टिकवर घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या सकाळी उचलाव्यात तर हातात कुरकुरीत. चिवड्याचा डबा उघडा राहिला तरी सादळण्याचं नाव नाही. मिठात तांदळाचे दाणे टाकावे लागत नाहीत. आंघोळीचा टॉवेल तासाभरात वाळतो. मला वाटलं, बायकांनी स्वर्ग कल्पावा तो असाच असणार.

पण माणसं म्हणजे पापड्या नव्हेत. नातवाचा घोळणा रात्री फुटायचा आणि उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचे. मी नाकात तूप सोडायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. जावई गालिच्यावरून चालत आले आणि दाराच्या मुठीला हात लावला की अंगात साठलेल्या विजेचा चटका बसून ओरडायचे, इतके की पुढे पुढे ते मुठीला आधी किल्ली टेकवायला लागले. माझ्या टाचांच्या भेगांत साडीची किनार अडकायची. लेक झोपायच्या खोलीत एक छोटं यंत्र लावायची, धुकं सोडणारं. रोज रात्री त्याची टाकी भरायची, आणि दोन दिवसांत टेबलावर, पुस्तकांवर, गणपतीवर पांढरी भुकटी. तिथलं पाणी जड. त्यातले क्षार धुक्याबरोबर उडायचे आणि पाणी सुकलं की मागे उरायचे.

मला वाटायचं फर्नेस हवा भाजून कोरडी करते, चुलीवर भात करपावा तशी. तसं काही नसतं. ह्यांनी मला पेपराच्या समासात हिशेब मांडून दाखवला. उणे अठरा अंशांच्या हवेच्या एका घनमीटरात जास्तीत जास्त एक ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. तीच हवा दारांच्या, खिडक्यांच्या फटींतून घरात येते, एकवीस अंशांपर्यंत तापते, आणि एकवीस अंशांच्या हवेत मावू शकतं अठरा ग्रॅम. पाणी कोणी चोरलेलं नाही, ते तेवढंच आहे. फक्त हवेची तहान अठरापट झाली. म्हणजे आर्द्रता सहा टक्के. मग ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते, नाकातून, ओठांतून, लाकडातून. उलट आमच्याकडे मार्चच्या दुपारी पस्तीस अंश आणि समजा वीस टक्के आर्द्रता असली, तरी घनमीटरात आठ ग्रॅम पाणी असतंच. आपण जिला रखरखीत म्हणतो त्या हवेत तिथल्या बर्फाळ हवेच्या आठपट पाणी. हे वाचून मला आमच्या मार्चबद्दल जरा आदर वाटायला लागला.

ह्यांना हे पटकन उमगलं त्याला कारण आहे. ह्यांची सगळी नोकरी छापखान्यात गेली. पावसाळ्यात चार रंगांचं कॅलेंडर छापायला घेतलं की कागद फुगायचा, आणि पिवळ्यावर निळा नेमका बसायचा नाही. देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात हेच दुखणं होतं आणि ते निस्तरायलाच विलिस कॅरियरनं हवेतली ओल ताब्यात ठेवायचं यंत्र आखलं. आज ज्याला आपण एसी म्हणतो त्याची सुरुवात ती. माणसाला गार वाटावं हा विचार नंतरचा, आधी कागदाची सोय. हे ही गोष्ट अशा थाटात सांगतात की जणू ह्यांच्याच हाताखाली कॅरियर काम करत होता.

तर लेकीच्या घरातली हवा बदलली तीही माणसांच्या सोयीसाठी नव्हे. नाकातलं रक्त, मुठीचे चटके, टाचा, हे सगळं त्या दोघांनी सोसलं. सोसवला नाही तो तंबोरा.

तिचा तंबोरा मिरजेचा. मिरजेत आजही एका गल्लीतून गेलं तर दुकानांच्या दारांत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळवलेले मोठाले भोपळे दिसतात, आत तुणीच्या लाकडाच्या दांड्या, आणि एखादा म्हातारा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, पॉलिश पेपर फिरवत, मध्येच तार छेडून, मान हलवून पुन्हा फिरवत बसलेला. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई ज्या गावात राहिले त्या गावाला हे शोभतं. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर आमच्या गाण्याच्या क्लासात पेढे वाटले गेले. असा तंबोरा म्हणजे भोपळा, लाकूड आणि सरस. तिन्ही गोष्टी हवेचं पाणी पिऊन जगणाऱ्या.

इथे श्रावणात खुंट्या इतक्या फुगतात की पिळायला दोन्ही हात लागतात. तिथे डिसेंबरात उलटं व्हायला लागलं. खुंटी लाकडातून आकसून ढिली, सुरात लावून हात काढला की हळूच मागे फिरायची आणि षड्ज उतरायचा. लेक खुंट्यांना खडू चोळायची. रोज चोळायची. मग एके दिवशी तिनं फोनच्या कॅमेऱ्यासमोर तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, धरली. घोडीच्या खालून निघून कडेकडे गेलेली एक रेघ, केसाएवढी. तिनं नख फिरवलं तर ते रेघेत अडकलं, टिक्क असा आवाज फोनवरही ऐकू आला. गळ्यापाशी, भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे, सरसाचा सांधाही उघडला होता.

मी मिरजेला जाऊन आले. कारागिरानं माझ्या फोनवरचा फोटो मोठा करून, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि विचारलं, "घरात शेगडी लावतात का?" मी फर्नेसचं सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता काही भरू नका. आत्ता भराल तर लाकूड पुन्हा फुगेल तेव्हा दुसरीकडे फाटेल. आधी हवा नीट करा, मग भेग किती उरते ते बघू." लाकडाचा डॉक्टर आधी हवापालट सांगतो, हे मला फार आवडलं.

मग ते बसवायचं ठरलं. तो सगळा कार्यक्रम मी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात बसून पाहिला, जावयांनी फोन तळघरातल्या फळीवर उभा करून ठेवला होता. फर्नेस म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी. आत गॅस जळतो, पंखा हवा ढकलतो, आणि चौकोनी पत्र्याच्या नळ्यांतून ती तापून घरभर जाते. दुसऱ्या तशाच नळीतून घरातली थंड झालेली हवा परत खाली येते. मिस्त्री आला, त्यानं परतीच्या नळीवर पाणसळ धरून रेघा मारल्या आणि पत्रा कापायच्या कात्रीनं चौकोन कापला. पत्रा कापताना जो आवाज येतो त्यानं माझे दात आंबले. त्या भोकावर डबा बसला, डब्यापासून सहा इंची गोल नळी गरम हवेच्या नळीला जोडली, गरम पाण्याच्या पाइपातून एक बारीक तांब्याची नळी आणली, खालून निचऱ्याला प्लॅस्टिकची. फर्नेस चालू झाली की चोवीस व्होल्टवर चालणारा झडपेचा खटका उघडतो आणि पाणी वरून थेंबथेंब पडतं.

मिस्त्रीनं झाकण काढून आतलं दाखवलं आणि माझा सगळा धाक गेला. आमच्या कूलरची जाळी! वाळ्याऐवजी चुरगाळलेल्या पातळ ॲल्युमिनियमची आणि मातीच्या लेपाची, पण काम तेच. वरून पाणी, मधून वारा. एप्रिलमध्ये कूलर हवा गार करतो तसाच हाही डबा हवेतली उष्णता खातो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.७ युनिट विजेएवढी उष्णता लागते आणि ती फर्नेसनंच पुरवायची. म्हणजे ओल काही फुकट नाही, गॅसच्या बिलात ती येतेच. फर्नेस जोरात चालली तर असला डबा दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी हवेत सोडू शकतो. तीन हंडे. रोज तीन हंडे पाणी घरभर शिंपडायचं आणि फरशी ओली होऊ द्यायची नाही.

मला खटकलं ते दुसरंच. जाळीवरून पडणारं सगळं पाणी वाफ होत नाही, बरंचसं निचऱ्याच्या नळीतून तसंच गटारात जातं. मी म्हटलं, "अगं, आपल्या दुष्काळी जत तालुक्यात टँकरमागे बायका धावतात आणि तुम्ही चांगलं पाणी सोडून देता?" तिनं शांतपणे विचारलं, "आपल्या गिझरची कॉइल आठवते?" आमच्या बोअरच्या पाण्यानं ती कॉइल वर्षात पांढऱ्या खडकासारखी झाली होती. वाहून जाणारं पाणी क्षार धुऊन नेतं म्हणून जाळी टिकते, नाहीतर ती महिन्या-दोन महिन्यांत दगड होईल. तरीही दर हिवाळ्याच्या आधी ती बदलायचीच. पटलं. पण पाणी वाहताना दिसलं की अजूनही माझा हात नळाकडे जातो.

सगळ्यात शहाणी गोष्ट होती ती घरात ओल किती ठेवायची ते ठरवणारी भिंतीवरची तबकडी. मला वाटलं एकदा पन्नास टक्क्यांवर लावली की झालं. तर नाही. बाहेर जितकी थंडी जास्त तितकी आत ओल कमी ठेवायची. बाहेर उणे सात असेल तर पस्तीस टक्के चालते, उणे अठरा असेल तर पंचवीस, आणि उणे एकोणतीसला पंधरावरच थांबायचं. जास्त केलं तर दुहेरी काचेच्या खिडक्यांनाही आतून घाम फुटतो, त्याचा बर्फ होतो, तो वितळून चौकटीत मुरतो, आणि भिंतीच्या आत दिसणार नाही अशी बुरशी धरते. हे ऐकल्यावर मला तो सगळा उद्योग एकदम ओळखीचा वाटला. भिंतीत मुरलेलं पाणी काय करतं यावर सांगलीकराला कोणी शिकवू नये.

सहा आठवड्यांनी तिनं पुन्हा तबली कॅमेऱ्यासमोर धरली. रेघ होती, पण नख फिरवलं तर अडकलं नाही. गळ्याचा सांधा मात्र तसाच होता, तो मिरजेतच भरावा लागेल. तंबोरा तिनं गरम हवेच्या जाळीपासून दूर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, मधल्या खोलीत हलवला आहे. खडूचा डबा अजून जवळ असतो. नातवाच्या उश्या पांढऱ्या राहतात. पापड्या आता वाळायला दोन रात्री घेतात, हे मी तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगते. चिवडा मात्र अजिबात सादळत नाही, कारण तीस टक्के म्हणजे काय, आमच्या जुलैची ऐंशी-पंच्याऐंशी कुठे!

आणि जुलैचंच सांगायचं तर, मागच्या जुलैत मी फोन केला तेव्हा तिच्या मागे कसली तरी घरघर ऐकू येत होती. विचारलं तर म्हणाली, तळघरात डीह्युमिडिफायर लावलाय. उन्हाळ्यात तिथली हवा चांगलीच दमट, आणि तळघराच्या गार भिंतींवर पाणी सुटतं. फर्नेसवरच्या डब्याची झडप उन्हाळ्यापुरती बंद करून ठेवायची, आणि त्याच खोलीत शेजारी दुसरं यंत्र लावून हवेतलं पाणी काढायचं. बादली रोज भरते. ती बादली नातू ओढत वर नेतो आणि अंगणातल्या अळूला ओततो.

मी हे ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तंबोरा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"खुंट्या फिरत नाहीत म्हणते."

"मग बरा आहे."