व्हेंटिलेटर लावल्यावर बीपी का पडतं?

मशीन तर श्वासासाठी लावलं, मग बीपी का उतरलं, लघवी का कमी झाली? आयसीयूबाहेर थांबलेले नातेवाईक हे विचारतात, नवे निवासी डॉक्टरही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीत ओढ तयार होते. ती हवेबरोबर शिरांतलं रक्तही हृदयाकडे खेचते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे हीच वाट अडते. शिरांतलं रक्त पुढे सरकवणारा दाब मुळात जेमतेम 7 मिमी पारा. पीप, म्हणजे उच्छ्वास संपल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, 10 सेंमी पाणी ठेवला तर तोही पाऱ्यात 7 च्या वरच भरतो. फुप्फुस मऊ असेल तर त्यातला साधारण निम्मा हृदयाभोवती पोचतो, कडक असेल तर कमी. एरवी शिरा आवळून शरीर हे सांभाळून घेतं. पण जुलाबाने कोरड्या पडलेल्या किंवा सेप्सिसच्या (संसर्गाने सारं शरीर बिघडलेल्या) पेशंटला ते जमत नाही, आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकताना दिलेलं प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध उरलीसुरली ताकदही काढून घेतं. म्हणून सलाईन आणि नॉरअॅड्रेनॅलिन, म्हणजे बीपी वाढवणारं औषध, ट्यूब टाकण्याआधीच तयार हवं, नंतर धावाधाव करून नाही.

मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो: आत येणारं रक्त घटतं आणि बाहेर नेणाऱ्या शिरेतला दाब वाढतो. सरासरी बीपी 65 आणि शिरेतला दाब 5 असेल तर रक्त ढकलायला 60 उरतात. तोच दाब 15 झाला की 50. मॉनिटरवर बीपी मात्र तेच दिसतं! यकृताचंही असंच. निकामी होत चाललेल्या डाव्या हृदयाला मात्र पीपचा दाब मदत करतो, तेव्हा पीपला सरसकट शत्रू मानू नका.

व्हेंटिलेटरवरच्या दम्याच्या पेशंटचं बीपी अचानक कोसळलं तर आधी ट्यूब मशीनपासून सोडवा आणि छाती रिकामी होऊ द्या. अर्ध्या मिनिटात बीपी सावरलं, तर हवा आत साठत होती असं समजा: श्वासांचा दर 10 च्या आसपास आणा, उच्छ्वासाला वेळ द्या. नाही सावरलं, तर फुप्फुसाबाहेर हवा कोंडली आहे का ते लगेच शोधा.

सर्वांत जास्त फसवतं ते सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी. पीप वाढवून ते 88 चं 95 झालं, पण हृदयाचा प्रवाह पाव हिश्शाने घटला, तर अवयवांना मिळणारा प्राणवायू जवळपास पाचव्या हिश्शाने कमीच होतो. म्हणून पीप दोन-दोनने वाढवा, आणि दर वेळी सॅच्युरेशनबरोबर बीपी, लॅक्टेट (अवयवांना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) आणि तासाची लघवी बघा. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिली तरी व्हायला हवी.