गवंडीकामाची वही आणि इंग्लिश बॉन्डची सही: माझा अनुभव

कोर्सला नाव घालणं, फी भरणं, थापी-ओळंबा घेणं, यात काहीच अडलं नाही. अडलं ते नोंदवहीपाशी. कोर्सबरोबर कामाची वही मिळते आणि तिच्यात बांधकामाच्या प्रत्येक प्रकारापुढे साइटवरच्या सुपरवायझरची सही लागते. स्ट्रेचर बॉन्ड, इंग्लिश बॉन्ड, फ्लेमिश बॉन्ड, असे ओळीने रकाने; बॉन्ड म्हणजे भिंतीत विटा रचायची पद्धत. एक जरी मोकळा राहिला तरी प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत.

मला ज्या साइटवर पाठवलं तिथे कॉलम-बीमचा सांगाडा आधीच उभा होता. भिंती नुसत्या मधली जागा भरायला, आणि त्याही अर्ध्या विटेच्या. अशा भिंतीत स्ट्रेचरशिवाय दुसरं काय बसणार? विटेची लांब बाजू दर्शनी ठेवायची, वरचा थर अर्धी वीट सरकवून लावायचा, झालं काम. हेडर, म्हणजे भिंतीच्या जाडीत आडवी घुसणारी वीट घालायची तर भिंत निदान नऊ इंची हवी. तशी एकही भिंत नकाशातच नव्हती. सुपरवायझर म्हणाला, "जे बांधलंच नाहीस त्यावर सही कशी करू?" त्याचं खरं होतं, त्यामुळे भांडताही येईना.

ऑफिसात गेलो. "साइट बदलून घ्या." साइट बदलायचा अर्ज दिला, तर म्हणे, "आधी चालू साइटची वही पूर्ण करून आणा." वही पूर्ण होत नाही म्हणून तर अर्ज दिलाय, हे मी प्रत्येक टेबलावर नव्याने सांगत होतो. एका टेबलावर तर "तुम्ही बांधकाम करता की डिझाइन?" असंही विचारलं. बरोबरच्या काहींनी सह्या कशाबशा मिळवल्या. मला तसली सही नको होती. परीक्षकाने समोर उभं राहून "कोपरा घे" म्हटल्यावर ती सही काय वीट लावणार?

शेवटी वाट सापडली ती त्याच वहीच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात: केंद्राच्या आवारात बांधलेला नमुना निदेशकांनी तपासला तरी चालेल. इतक्या टेबलांवर फिरलो, पण ही ओळ एकालाही माहीत नव्हती. तेव्हा वही हातात पडली की आधी मागून वाचा.

नमुन्याची भिंत चुना आणि वाळूच्या मालात बांधा. सिमेंट घातलंत तर ती मोडताना विटा फुटतील आणि पुढच्याला द्यायला काही उरणार नाही. आवारातल्या विटा अशाच फिरत असतात, त्यामुळे आधी जुना माल खरवडून काढा. मालाचे डाग राहिले की थर वरखाली होतो.

आता इंग्लिश बॉन्ड. एक थर स्ट्रेचरचा, त्यावर एक हेडरचा, हे कोणीही पाठ म्हणून दाखवेल. खरी परीक्षा कोपऱ्यात. सांधा धरून वीट नऊ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद समजा. स्ट्रेचरच्या थरात उभे सांधे नऊ, अठरा इंचांवर येतात. वरचा थर कोपऱ्यापासून नुसते हेडर लावत नेला तर सांधे साडेचार, नऊ, साडेतेरा असे पडतात, म्हणजे नवावर सांध्यावर सांधा! तसाच वर गेलात तर भिंतीत सरळ उभी चीर सोडल्यासारखंच. म्हणून कोपऱ्यातल्या पहिल्या हेडरला लागून क्वीन क्लोजर घालायचा, म्हणजे विटेची उभी चिरलेली अर्धी पट्टी, सव्वादोन इंच रुंदीची. मग सांधे पावणेसात, सव्वाअकरा असे सरकतात आणि प्रत्येक सांधा खालच्या सांध्यापासून निदान सव्वादोन इंच दूर राहतो. हा क्लोजर अगदी टोकाला कधीच लावू नका. तिथे पहिला धक्का लागला की पट्टी निसटते.

वीट उभी चिरताना हमखास मधोमध तुटते. आमच्या निदेशकांनी सांगितलेला उपाय सोपा आहे: आधी वीट आडवी अर्धी करा, मग दोन्ही तुकडे उभे चिरा. चारही बाजूंनी छिन्नीने रेघ ओढून घ्या, मग हलक्या हातोडीने ठोका. दोन तुकडे एकामागे एक बसवले की क्लोजर तयार. सगळा थर आधी कोरडा मांडून पाहिला तर तुकडे किती लागतील तेही कळतं.

फ्लेमिशमध्ये एकाच थरात एक हेडर, एक स्ट्रेचर. दिसायला देखणी, पण माझ्या मते शिकताना इंग्लिश आधी पक्की करावी. कोपऱ्याचं गणित एकदा डोक्यात बसलं की फ्लेमिशचा क्लोजर आपोआप सुचतो.

निदेशकांनी इंग्लिश आणि फ्लेमिश, दोन्ही नमुने तपासले. ओळंबा सोडला, काटकोन बघायला गुण्या लावला, मग खाली बसून एकेका सांध्यावर बोट ठेवत वरपर्यंत गेले. दोन्ही रकान्यांत सही झाली. ऑफिसात वही दिली तेव्हा त्याच टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "एवढं सोपं होतं, आधी का नाही केलंत?" मी वहीचं मागचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पोचपावती मागितली.

परीक्षेत काही विशेष नाही, कोपराच घ्यायला लावतात. एक राहिलंच: विटा आदल्या दिवशी भिजवल्यात का ते स्वतः बघा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, मग वीट बसवल्यावर ती जरा सरकवायची म्हटलं तरी सरकत नाही.