तुम्ही विचारलंत म्हणून: जोडून आलेल्या सुट्टीतले पेनांग

आम्ही सिंगापूरला राहायला आल्यापासून पुण्यातले नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की तुम्ही लगेच परदेशी निघता, पण एवढ्या वेळात तिथले काय पाहून होते आणि काय खाऊन होते? या प्रश्नात कुतूहलाबरोबर उधळपट्टीचा हलकासा ठपकाही असतो, हे मला कळते. तरीही तुम्ही विचारलंत म्हणून सांगते की, जिथे खाणे आणि पाहणे वेगळे करताच येत नाही असे एकच गाव निवडले, तर तेवढी सुट्टी पुरते. माझ्यापुरते ते गाव म्हणजे मलेशियाच्या पेनांग बेटावरील जॉर्जटाउन.

सिंगापूरहून विमानाने दीड तासाच्या आसपास लागतो. सुट्टी मात्र पारखून घ्यावी. चिनी नववर्षात गावातले बहुतेक चिनी ठेलेवाले दुकान बंद करून घरी जातात आणि ईदच्या दिवसांत मुस्लिम खानावळी बंद असतात, त्यामुळे ज्या गोष्टीसाठी जायचे तीच हाती लागत नाही. ९ ऑगस्टचा सिंगापूरचा राष्ट्रीय दिन सोयीचा, कारण मलेशियात त्या दिवशी सुट्टी नसते आणि गाव आपल्या रोजच्या चालीने चाललेले असते.

सन १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट या इंग्रजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात घेतले आणि बंदर उभे राहताच चिनी, तमिळ, मलय, अरब, ब्रह्मदेशी असे नाना देशींचे लोक इथे आले. एकाच रस्त्याच्या आसपास १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, चिनी करुणादेवीचे मंदिर, १८३३ चे महामारियम्मन देऊळ आणि कपितान केलिंग मशीद पायी फिरून पाहता येते. जुन्या दुकानवजा घरांच्या पुढे पाच फुटी ओसऱ्या आहेत. ऊन असो वा पाऊस, त्यांच्या सावलीतून चालत राहावे. २००८ मध्ये मलाक्का या मलेशियातल्याच दुसऱ्या जुन्या बंदराबरोबर या गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भिंतींवरच्या प्रसिद्ध चित्रांपुढे फोटोसाठी लागणारी रांग मला वेळेचा अपव्यय वाटते. त्यापेक्षा समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या, एकेका आडनावाच्या कुळाने वसवलेल्या धक्क्यांवरील लाकडी घरांमधून फिरणे चांगले.

आता खाण्याविषयी. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी खांद्यावरच्या कावडीतून भात आणि कालवणे घेऊन बंदरातल्या मजुरांना विकत असत, आणि त्यातूनच नासी कांदार हे जेवण आले. आज ते खानावळीत मिळते. वाढणारा माणूस भातावर कोंबडीच्या रश्शाची एक पळी, माशाच्या कालवणाची दुसरी आणि आणखी कशाची तरी तिसरी अशी भराभर ओततो, आणि ती सरमिसळ हीच या ताटाची खरी चव असते. कालवणे वेगवेगळ्या वाट्यांत मागणाऱ्याकडे तो किंचित कीव आल्यासारखा पाहतो.

परंतु मराठी माणसाने, त्यातही कोकणातल्या माणसाने, पेनांगला खायचा पदार्थ म्हणजे आसाम लक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातल्या शेवया; यातल्या ‘आसाम’चा आपल्या आसाम राज्याशी संबंध नाही. त्यातला मासा बहुधा बांगडाच असतो. तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्शात घालतात. आंबटपणासाठी चिंच आणि एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या वापरतात. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातले आहे. तांदळाच्या जाड, गुळगुळीत शेवयांवर हा रस्सा ओतून वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या जातीतील एका फुलाची बारीक चिरलेली गुलाबी कळी घालतात. शेजारी चमच्यात कोळंबीपासून केलेला काळा, दाट, गोडसर गर येतो. तो चमच्यासकट रश्शात बुडवून ढवळायचा असतो. पहिला वास नाकाला बोचतो, पण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाचा झणका ज्याने अनुभवला आहे, त्याला इथे परके वाटण्याचे कारण नाही.

हा लक्सा एअर इताम भागात खाल्ला तर तिथेच टेकडीवरील केक लोक सी हे बौद्ध मंदिर पाहावे. तिथल्या सात मजली पॅगोड्याचा पाया चिनी, मधला भाग थायी आणि कळस ब्रह्मदेशी धाटणीचा आहे. हे बेट कसे घडले हे समजून घ्यायला मला तो पॅगोडा कोणत्याही संग्रहालयापेक्षा सोयीचा वाटला. जवळूनच पेनांग हिलवर जाणारी, १९२३ मध्ये सुरू झालेली रेल्वे सुटते. सुट्टीच्या दिवशी तिच्या रांगेत अर्धी सकाळ जाते, म्हणून आम्ही ती खुशाल वगळतो.

संध्याकाळ ‘चार क्वे त्याऊ’ नावाच्या परतलेल्या शेवयांसाठी राखून ठेवावी. तांदळाच्या चपट्या शेवया, कोळंबी, शिंपल्या, अंडे आणि मुगाचे लांब मोड धगधगत्या आचेवर, एका वेळी एक-दोन ताटांपुरतेच परततात. काही ठेल्यांवर अजून कोळशाची शेगडी आहे. म्हणून थांबावे लागते, आणि थांबलेले सार्थकी लागते. तो करपट खमंगपणा मोठ्या कढईत कधीच उतरत नाही. नंतर माडाचा गूळ, नारळाचे दूध आणि हिरव्या शेवया घातलेला थंडगार चेंडोल घ्यावा.

राहिला शाकाहाऱ्यांचा प्रश्न, कारण तो लगेच पाठोपाठ येतो. चार क्वे त्याऊत बहुधा डुकराची चरबी असते आणि लक्शातला मासा वेगळा काढता येत नाही, तेव्हा या दोहोंचा नाद सोडावा. मात्र चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी पुष्कळ आहेत, आणि तिथे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालेल असे कांदा-लसणाविना रांधलेले जेवण मिळते. फक्त सोयाबीनचे पदार्थ हुबेहूब बदकाच्या किंवा माशाच्या रूपात समोर येतात. माझ्या आईला ते समजावून सांगूनही खाववले नाही. ती जॉर्जटाउनमधल्या लिटल इंडिया या भारतीय वस्तीत केळीच्या पानावर वाढलेला सांबार-भात जेवली आणि रात्रीही तिथेच जायचे म्हणाली.