इंग्लंडला एरोग्राम पाठवताना आलेला अनुभव

करोनाच्या आदल्या वर्षी मी लेस्टरच्या मावशीला एरोग्राम पाठवला. इतके दिवस झाले, तरी आमच्या पोस्टातली ती खिडकी आठवली की अजून डोकं तापतं.

नव्या मुलांनी पाहिला नसेल म्हणून सांगते. एरोग्राम म्हणजे पातळ निळसर कागदाचा एकच ताव. आतल्या बाजूला मजकूर लिहायचा, घड्या घालायच्या, कडेचा डिंक ओला करून चिकटवायचा, की त्याचंच पाकीट होतं. तिकीट वर छापलेलंच असतं. वजन नगण्य, म्हणून पाकिटातल्या हवाई पत्रापेक्षा स्वस्त. मावशी सत्तरच्या दशकात नर्स म्हणून तिकडे गेली. तेव्हापासून घरातली बारशी, आजारपणं, भांडणं सगळी याच कागदांवरून तिला कळायची. आई गेल्यावर तिच्या कपाटात काही कोरे एरोग्राम सापडले. मावशीला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही. आईच्याच कागदावर तिला लिहावं असं फार मनात आलं.

मावशीकडून एरोग्राम येणं केव्हाच थांबलं होतं, कारण ब्रिटनच्या रॉयल मेलने 2012 मध्ये ते बंद केले. अमेरिकेत तर 2006 मध्येच संपले. आपल्या टपाल खात्याच्या दरपत्रकात मात्र तेव्हा ते होते: परदेशी एरोग्राम 15 रुपये, पाकिटातलं हवाई पत्र 20 ग्रॅमपर्यंत 25 रुपये. आईच्या कागदावर जुना दर छापलेला, 8 रुपये 50 पैसे. वरच्या साडेसहा रुपयांची तिकिटं लावली की काम झालं, असा सरळ हिशोब.

खिडकीवरच्या बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "हे इनलँड आहे मॅडम, परदेशी जात नाही."

"इनलँड नाही, एरोग्राम आहे. वर छापलंय बघा."

त्यांनी तो उलटसुलट करून शेजारच्या खिडकीवर दिला. तिथल्या गृहस्थांनी न वाचताच "हे बंद झालं" म्हणून परत सरकवला. मी दरपत्रकाची प्रत पुढे केली. तर म्हणे, सिस्टिममध्ये येत नाही. मग, पाकिटात घाला आणि पंचवीसची तिकिटं लावा. मग, त्यापेक्षा स्पीड पोस्ट करा, ट्रॅकिंग तरी मिळेल. दर वेळी कारण नवीन, आणि मागे रांग चुळबुळत असलेली. शेवटी, "साहेब रजेवर आहेत, नंतर या."

मला राग आला तो याचाच. साध्या टपालाची सिस्टिममध्ये नोंद करावीच लागत नाही. पुरेशी तिकिटं आणि तारखेचा शिक्का, एवढंच लागतं. खात्याने स्वतः छापलेला, स्वतःच्या दरपत्रकात असलेला कागद खात्याच्याच माणसांना ओळखू येऊ नये? माझ्याऐवजी एखादे थकलेले आजोबा असते तर निमूट घरी गेले असते.

साहेब रजेवरून आल्यावर मी खिडकीवर न थांबता सरळ पोस्टमास्तरांच्या टेबलापाशी गेले. निवृत्तीला आलेले गृहस्थ. कागद हातात घेताच म्हणाले, "अरे वा, एरोग्राम! कितीतरी वर्षांनी बघतोय." पन्नास पैशांचं तिकीट शिल्लक नव्हतं, म्हणून पाचाचं एक आणि रुपयाची दोन लावली. अर्धा रुपया जास्त गेला, त्याचं मला काहीच वाटलं नाही. शिक्का त्यांनी स्वतः मारला, छापील तिकिटावर एक आणि चिकटवलेल्यांवर एक. गोल, स्वच्छ, तारीख वाचता येईल असा. त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आत काहीही घालायचं नाही, फोटो नाही, राखी नाही, अंगाऱ्याची पुडीसुद्धा नाही. काही घातलं तर तो एरोग्राम राहत नाही आणि सवलतीचा दर जातो. बॉलपेनने लिहा, शाई पातळ कागदात पसरते. मजकूर मराठीत चालतो, पत्ता मात्र इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शेवटच्या ओळीत देशाचं नाव. जुन्या कागदाचा डिंक वाळलेला असतो, तेव्हा कडेला बाटलीतला डिंक बोटाने अगदी पातळ लावा. जास्त झाला तर आतली अक्षरं एकमेकांना चिकटतात. आणि हो, जादा तिकिटं छापील तिकिटाच्या शेजारीच लावा, घडीवर नको. उघडणारा माणूस कडा कापतो, तिथे मजकूरही दाटीने लिहू नये. दर बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी चालू दरपत्रक बघा आणि त्याची प्रत बरोबर न्या. नाही म्हणाले तर वाद न घालता पोस्टमास्तरांना भेटायचं.

मावशीला पत्र मिळालं. तिचं उत्तर पाकिटातून आलं, सहा पानी, आणि पहिल्याच ओळीत विचारलं होतं की असले कागद अजून किती उरलेत.