शाळेचं मानचिन्ह लाकडात कोरून घेताना

शाळेच्या सभागृहासाठी मानचिन्ह लाकडात कोरून, रंगवून घ्यायचं ठरलं, तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या वतीने ते काम मी मागून घेतलं. ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, वरच्या पट्ट्यात तीन उघडी पुस्तकं, खाली फितीवर ‘ज्ञानं परमं बलम्’. हे चिन्ह वह्यांवर आणि बिल्ल्यांवर आम्ही वर्षानुवर्षं पाहिलेलं. चित्र पाठवायचं, माप सांगायचं आणि वाट पाहायची, एवढंच असेल असं वाटलं होतं. पहिल्या पत्रापासून चिन्ह भिंतीवर चढेपर्यंत अकरा महिने लागले. त्यातले पहिले चार महिने लाकडाला पटाशीही लागली नाही.

कोरीवकाम करणाऱ्या बाईंनी मी नेलेलं चित्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, “कुठे लावणार? किती उंचीवर? उजेड कुठून येतो?” यातलं काहीच मी पाहून गेलो नव्हतो. त्यांनी समजावून सांगितलं की कागदावर रेघ दिसते, लाकडात सावली दिसते. डोक्याच्या बऱ्याच वर लावायचं असेल तर सिंहाचा जबडा आणि पंजे जास्त उठावात घ्यावे लागतात, फीत किंचित खाली झुकवावी लागते, नाहीतर खालून बघणाऱ्याला निव्वळ कडा दिसतात. मी परत जाऊन भिंत मोजली, सकाळी आणि दुपारी फोटो काढले. उजेड डावीकडच्या उंच खिडक्यांतून येत होता. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर ठरले.

मग प्रश्न आला रंगांचा. सभागृहात जुना रंगवलेला फलक होता, त्यात ढाल हिरवी. बिल्ल्यावर ती निळी. कोणाचं खरं मानायचं? मी जुनी कागदपत्रं चाळत बसलो आणि त्यात एक काळं-पांढरं छापील प्रमाणपत्र मिळालं. त्यावरच्या ढालीत बारीक आडव्या रेघा होत्या, सिंहाच्या अंगावर ठिपके, पुस्तकांवर उभ्या रेघा, वरचा पट्टा कोरा. आम्ही सगळे ती छपाईची नक्षी समजत होतो. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उजळला. रंग न वापरता रंग सांगायची ही पद्धत आहे. सतराव्या शतकात ती युरोपात रूढ झाली. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइट धर्मगुरूच्या १६३८ च्या ग्रंथामुळे तिचा प्रसार झाला, म्हणून ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनं, कोरं म्हणजे चांदी. आमच्या चिन्हाचे रंग इतकी वर्षं त्या कागदावर लिहिलेलेच होते, वाचणारं कोणी नव्हतं. ती दुपार मला या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची वाटते.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी कळल्या. मानचिन्हांच्या शास्त्रात सोनं आणि चांदी हे धातू, बाकीचे रंग. साधारण नियम असा की धातूवर धातू बसवायचा नाही आणि रंगावर रंग बसवायचा नाही. कारण उघड आहे, ढाल लांबून ओळखू यायला हवी. निळ्यावर सोनेरी सिंह, रुपेरी पट्ट्यावर लाल पुस्तकं, आमचं चिन्ह नियमात चोख बसत होतं. दुसरी गोष्ट, ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची डावी. सिंहाचं तोंड रूढीने तिकडेच असतं. रंगवलेल्या फलकावरचा सिंह उलटीकडे बघत होता. प्रमाणपत्रावरचा बरोबर होता.

हे चिन्ह शाळेचं आहे, म्हणून शाळेची लेखी परवानगी बाईंनी आधी मागितली. आडनाव सांगितलं की त्या आडनावाचं कुलचिन्ह काढून देणारी दुकानं असतात, त्यांच्याबद्दल त्या फार कळकळीने बोलल्या. इंग्लंड-स्कॉटलंडच्या परंपरेत असं चिन्ह एखाद्या व्यक्तीला किंवा संस्थेला दिलेलं असतं, आडनावाला नसतं. इंग्लंडमध्ये हे काम पाहणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासूनचं आहे. कोणाला घरासाठी असं काही करून घ्यायचं असेल तर आधी हे तपासावं.

लाकूड लिंडनचं ठरलं. इंग्रज कारागीर त्याला लाइम म्हणतात, पण लिंबाशी त्याचा संबंध नाही. मऊ, एकसारखं, रेषा जवळजवळ न दिसणारं हे लाकूड कोणत्याही दिशेने कापलं तरी सहसा फाटत नाही. इंग्लंडमधला नामवंत लाकूड-कोरीवकार ग्रिनलिंग गिबन्स याची फुलं-पानं याच लाकडातली. नव्वद सेंटिमीटर उंचीच्या ढालीसाठी तीन फळ्या कडेला कड जोडल्या आणि मागून पोखरून काढल्या. जाड लाकूड आतून-बाहेरून सारखं सुकत नाही आणि तडकतं, म्हणून हे करायचं. मागच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूसाठी लांबट भोकं ठेवली, म्हणजे हवा बदलली की फळ्यांना रुंदीत फुगायला-आक्रसायला जागा राहते.

अक्षरांवरून मात्र मी हट्ट धरला होता. मला ती उठावाची हवी होती. बाईंनी वाद घातला नाही. एका तुकड्यावर ‘मं’ कोरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “अनुस्वारावर अंगठा दाबा.” मी दाबला, टिंब टचकन निघून आलं. एवढ्याशा टिंबाला मागे लाकडाचा आधारच नसतो. मग अक्षरं आत खोदायची ठरली, इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेने. डावीकडून उजेड आला की खाचेची एक बाजू अंधारते, दुसरी चमकते, आणि शिरोरेषा फितीच्या वळणाबरोबर वळताना फार सुंदर दिसते. पूर्ण मापाच्या रेखाटनात ‘परमं’वरचा अनुस्वार मात्र सुटला होता, कारण प्रमाणपत्रावर तो पुसट झालेला. मी सही करून बसलो होतो. आमच्या संस्कृतच्या निवृत्त बाईंना रेखाटन दाखवलं म्हणून चूक सापडली. सहीआधी चार जणांकडून वाचून घ्या, त्यातला एक तरी भाषेचा जाणकार असू द्या.

कोरून झालेलं लाकूड इतकं देखणं होतं की रंगवूच नये असं वाटलं. त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचे आठ हात बसले, बारीक तपशील बुजले आणि ते पुन्हा कोरावे लागले. जिथे सोनं यायचं तिथे मग लालसर चिकणमातीचा लेप. त्यावर सोन्याचा वर्ख लावताना मी जवळ उभा होतो. बाईंनी मला श्वास रोखायला सांगितला. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास; रुंद, मऊ ब्रशच्या टोकावरून तो ओल्या लेपाकडे आपोआप ओढला गेला. वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटला तेव्हा आयाळीच्या प्रत्येक बटेला धातूची धार आली. वरच्या पट्ट्याला चांदीचा वर्ख मी मागितला होता. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते, आणि या शास्त्रात पांढरा रंग चांदीच मानला जातो, हे कळल्यावर तो पट्टा पांढरा केला. तोच निर्णय योग्य होता.

पैसे तीन टप्प्यांत दिले. रेखाटन मंजूर झाल्यावर, कोरीवकाम पाहिल्यावर आणि भिंतीवर लागल्यावर.

लावायच्या आदल्या दिवशी ढाल उलटी ठेवलेली होती. मागच्या पोखरलेल्या भागात बाईंनी पेन्सिलीने लाकडाचं नाव आणि महिना लिहिला होता. मी त्यांना आणखी एक गोष्ट लिहायची विनंती केली, आणि त्यांनी सावकाश, ठसठशीत अक्षरांत लिहिली : निळ्या ढालीवर सोनेरी सिंह, मागच्या पायांवर उभा, जीभ आणि नखं लाल, वर रुपेरी पट्टा, त्यावर तीन उघडी पुस्तकं, लाल.