बारा वर्षांनी पुन्हा तीच फाइल

पाठ दुखायला लागली तेव्हा वाटलं, वय झालं. दीड महिना शेक घेतला, व्यायाम केले. पण हे दुखणं आडवं झाल्यावर वाढायचं, रात्री दोन-तीनला जाग आणायचं. नेहमीची पाठदुखी अशी नसते हे आतून कळत होतं, तरी मी ते मनावर घेतलं नाही.

कारण स्तनाच्या कॅन्सरला बारा वर्षं झाली होती. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, मग पाच वर्षं टॅमोक्सिफेन, म्हणजे कॅन्सरला हार्मोनचा आधार मिळू न देणारी गोळी. शेवटची गोळी घेतली त्या दिवशी घरचे म्हणाले, "सुटलीस." मीही तेच धरून चालले. हाडांच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत त्याबद्दल बोललेच नाही. दुसऱ्या भेटीत सांगितलं आणि त्यांनी त्याच दिवशी एमआरआय लिहून दिला. कमरेच्या दोन मणक्यांत डाग होते.

मग कॅन्सर शरीरात कुठे कुठे आहे ते पाहणारा पेट स्कॅन, आणि त्यानंतर मणक्याची बायॉप्सी. तिला मी अडूनच बसले होते. कॅन्सर तोच, मग पुन्हा तुकडा कशाला? ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) मॅडमनी समजावलं, की इतक्या वर्षांत पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोनसारखे संकेत पकडणारे भाग, बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरच ठरतं. माझे बदलले नव्हते. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनचे रिसेप्टर असलेला; हर-टू निगेटिव्ह, म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला. पण तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले.

"माझं काय चुकलं?" हे मी त्यांना तीनदा विचारलं असेल. त्यांनी कागदावर हाड काढून दाखवलं. पहिली गाठ निघण्याआधीच काही पेशी रक्तातून निसटून अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात, जाऊन बसलेल्या असू शकतात. तिथे त्या विभागणं थांबवतात. केमोचा मारा मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर असतो, म्हणून या निजलेल्या पेशी वाचतात. इतक्या थोड्या, की स्कॅनमध्येही दिसत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षं हार्मोनचे उपचार घेऊन थांबलेल्या सुमारे ६३,००० स्त्रियांची माहिती होती. आजार उलटण्याचं प्रमाण विसाव्या वर्षापर्यंत सारखं चालूच राहिलेलं. गाठ लहान आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असलेल्यांतही पाचव्या ते विसाव्या वर्षात १३ टक्के जणींना तो शरीरात दूर कुठेतरी उलटला होता. हे मला पाचव्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं, याचा राग अजून आहे. सांगितलं असतं तर पहिल्याच भेटीत मी तोंड उघडलं असतं.

मणक्याला रेडिएशन दिलं आणि तीन आठवड्यांत रात्रीची झोप परत आली. हाडं मजबूत ठेवणाऱ्या इंजेक्शनआधी दात तपासून घेतले, कारण त्या औषधाने जबड्याला त्रास होऊ शकतो. आता रोज लेट्रोझोल (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी), आणि रायबोसिक्लिब (पेशींचं विभागणं रोखणारी गोळी) २१ दिवस घेऊन ७ दिवस बंद. सुरुवातीला ईसीजी आणि पांढऱ्या पेशींची मोजणी सारखी व्हायची. एकदा पेशी उतरल्या म्हणून रायबोसिक्लिब आठवडाभर लांबली, तेव्हा मी रडले होते. पुढच्या वेळी डोस कमी करून पुन्हा सुरू झाली.

नऊ महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये डाग वाढलेले नाहीत. सध्या सुट्टीचा आठवडा चालू आहे. सोमवारी रक्त द्यायचंय.